शिष्यवृत्तीचा मान आणि वेतनाचा हक्क





आपल्या समाजात 'शिष्यवृत्ती' या शब्दाला एक तेजोवलय आहे. ते अकारण नाही. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर गिरवण्याची बंदी होती, त्यांच्या नातवाला कोणी आपण होऊन शिकण्यासाठी पैसे देऊ करतो, तेव्हा घराघरांतून डोळे पाणावतात. याउलट 'पगार' हा शब्द आपल्या सुशिक्षित बैठकांत अलीकडे काहीसा हलका मानला जाऊ लागला आहे. मुलगा अमुक विद्यापीठात संशोधन करतो असे सांगणारे पालक मी पुष्कळ पाहतो. त्याला कोणत्या वेतनश्रेणीत, कोणत्या टप्प्यावर आणि किती वर्षांच्या करारावर घेतले, हे सांगू शकणारे पालक मला क्वचितच भेटले. विचारले तर उत्तर येते, "डॉक्टरसाहेब, ज्ञानाच्या क्षेत्रात पैशाची गोष्ट कशाला?" या उत्तराला माझा स्पष्ट विरोध आहे आणि तो मांडण्यासाठीच हा लेख.

आपल्याच वडिलांच्या पिढीकडे पाहा. रेल्वेत, डाक-तार खात्यात, दारूगोळ्याच्या कारखान्यात, महानगरपालिकेत नोकरी करणारी ती माणसे चौथ्या वेतन आयोगाच्या श्रेण्या पाठ म्हणून दाखवीत. वार्षिक वेतनवाढ कोणत्या महिन्यात पडते, महागाई भत्त्याचा हप्ता किती, बढतीनंतरच्या वेतननिश्चितीत कारकुनाने कोठे चूक केली, हे त्यांना न सांगता कळे. सेवापुस्तकातील एक चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी ते वर्षानुवर्षे अर्ज करीत. त्यांना आपण 'पैशाच्या मागे लागलेली माणसे' म्हणणार काय? तो तक्ता हेच त्यांचे संरक्षण होते. साहेबाच्या मनात जात असली तरी तक्त्याच्या रकान्यात ती लिहिता येत नव्हती. त्यांची मुले डॉक्टर, अभियंते, संशोधक झाली, विलायतेला आली आणि तक्ता वाचण्याची विद्या मात्र दोन पिढ्यांच्या मध्ये कोठेतरी गळून पडली.

नेदरलँड्सची विद्यापीठे मी उदाहरणादाखल घेतो, त्याला कारण आहे. आपल्या संस्थेतील काही कुटुंबांची मुले तेथे गेली आहेत, महाराष्ट्रातूनही आंबेडकरी विद्यार्थी तेथे येत आहेत. आणि त्या देशाने विद्यापीठातील वेतन उघड्यावर मांडून ठेवले आहे. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या चौदा विद्यापीठांचा एक महासंघ आहे. तो आणि एफ.एन.व्ही., सी.एन.व्ही., ए.ओ.बी. यांसारख्या कामगार संघटना समोरासमोर बसून एक सामूहिक करार करतात. लायडनपासून ग्रोनिंगनपर्यंत आणि डेल्फ्टपासून मास्त्रिखपर्यंत सर्वांना तोच करार लागू होतो. त्यात १ ते १८ अशा श्रेण्या असून त्यांच्या जोडीला प्राध्यापकांच्या दोन स्वतंत्र श्रेण्या आणि पीएच.डी. करणाऱ्यांची एक स्वतंत्र श्रेणी आहे. प्रत्येक श्रेणीत टप्पे असतात आणि काम समाधानकारक असेल तर दरवर्षी माणूस एक टप्पा वर सरकतो. आठवड्याचे पूर्ण काम ३८ तासांचे. मे महिन्यात वर्षाच्या पगाराच्या आठ टक्के इतका सुटीचा भत्ता आणि डिसेंबरात ८.३ टक्के वर्षअखेरचा भत्ता मिळतो. निवृत्तिवेतनाच्या वर्गणीचा मोठा वाटा मालक भरतो. हा सारा तक्ता कोणालाही वाचता येतो, आणि नोकरीच्या जाहिरातीत श्रेणीचा आकडा छापलेला असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. नेदरलँड्समध्ये पीएच.डी. करणारा तरुण हा सामान्यतः विद्यार्थी नसतो, तो विद्यापीठाचा कर्मचारी असतो. त्याला 'प्रोमोव्हेंडस' म्हणतात. चार वर्षांचा करार, पहिल्या वर्षी एक चाचणीसारखा टप्पा आणि मग उरलेली वर्षे, अशी रीत. २०२५ च्या दरांप्रमाणे पहिल्या वर्षी करपूर्व मासिक वेतन सुमारे तीन हजार युरो असून चौथ्या वर्षी ते चार हजारांच्या जवळ जाते. वर सांगितलेले दोन्ही भत्ते त्याला मिळतात, निवृत्तिवेतन साचते आणि शिक्षणशुल्क भरावे लागत नाही. आजारी पडल्यास दोन वर्षांपर्यंत पगाराचा मोठा भाग देण्याचे बंधन कायद्याने मालकावर आहे. बाळंतपणाची रजा भरपगारी असून त्यापोटी कराराची मुदत वाढवून मागता येते. करार संपल्यावर नोकरी नसेल तर बेकारी भत्त्याचा हक्क उभा राहतो. वैद्य या नात्याने मला यातील आजारपणाचे कलम सर्वांत मोलाचे वाटते. एकटेपणा, निद्रानाश, नैराश्य घेऊन येणारे संशोधक विद्यार्थी मी तपासले आहेत. त्यांच्या विकाराइतकीच त्यांना भीती असते ती पैसे थांबण्याची. आणि त्या भीतीवर माझ्याकडे औषध नाही.

आपण राहतो त्या ब्रिटनशी याची तुलना करा. येथे पीएच.डी. करणारा हा विद्यार्थीच राहतो. संशोधन मंडळांचे २०२५-२६ चे किमान विद्यावेतन वर्षाला २०,७८० पौंड आहे. त्यावर प्राप्तिकर नाही हे खरे. पण त्यातून निवृत्तिवेतन साचत नाही आणि कर्मचाऱ्याचे हक्क त्याला लागू होत नाहीत. तरीही आपल्या घरांत ऑक्सफर्डचे नाव काढले की श्वास रोखला जातो आणि ट्वेंटेचे काढले की "ते कोठे आले?" असा प्रश्न येतो.

यावर कोणी म्हणेल, नेदरलँड्सही स्वर्ग नाही, तेथेही शिष्यवृत्तीवर पीएच.डी. करणारे आहेत. अगदी बरोबर, आणि नेमके तेथेच आपल्या मुलांनी सावध राहायला हवे. हा लढा जुना आहे. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठाने संशोधकांना पगाराऐवजी शिष्यवृत्तीवर ठेवण्याचा मार्ग काढला होता. ते प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ साली न्यायालयाने ठरवले की ही माणसे प्रत्यक्षात कर्मचारीच आहेत. काम तेच, देखरेख तीच, विद्यापीठाला होणारा लाभही तोच, मग नाव बदलल्याने नाते कसे बदलेल? एवढ्यावर हे थांबायला हवे होते. पण २०१६ साली सरकारने 'प्रयोग' या गोंडस नावाखाली शिष्यवृत्तीधारक पीएच.डी.ची योजना पुन्हा सुरू केली. तिचा सर्वांत मोठा भार ग्रोनिंगन विद्यापीठात होता. एकाच प्रयोगशाळेत, एकाच बाकावर, एक संशोधक पगारी आणि दुसरा शिष्यवृत्तीवाला. पहिल्याला निवृत्तिवेतन आणि डिसेंबरचा भत्ता, दुसऱ्याला त्यातले काही नाही. तरुण संशोधकांच्या संघटनांनी सातत्याने विरोध केला आणि अखेर हा प्रयोग कायम न करण्याचा निर्णय सरकारने घेतला.

तो प्रयोग गेला, पण परदेशी शिष्यवृत्ती घेऊन येणारे संशोधक राहिलेच आहेत. चीन सरकारच्या शिष्यवृत्तीवर येणारे त्यांत पुष्कळ. आपले विद्यार्थीही याच दाराने येतात. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. डच सरकार विद्यापीठांना अनुदान देताना किती पीएच.डी. पदव्या पूर्ण झाल्या हेही मोजते. ती पदवी पगारी संशोधकाने मिळवली की स्वतःचा पैसा घेऊन आलेल्याने, असा भेद त्या मोजणीत होत नाही. म्हणजे नागपूर वा औरंगाबादेहून आपल्या सरकारची शिष्यवृत्ती घेऊन येणारा गरीब घरचा विद्यार्थी एका श्रीमंत देशाच्या विद्यापीठाला फुकटात मनुष्यबळ पुरवतो आणि पदवी मिळवताच त्या विद्यापीठाच्या अनुदानातही भर घालतो. आणि आपण त्याचा सत्कार करतो! सत्कार अवश्य करा. परंतु त्याला एवढे तरी सांगा की त्याच मार्गदर्शकाकडे, त्याच विषयात, पगारी जागेसाठी अर्ज करता येतो.

शिष्यवृत्तीचा भरवसा किती, तेही पाहू. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना नवबौद्धांनाही आहे. या दोन्ही योजनांनी शेकडो घरे उजळली, हे नाकारणारा कृतघ्न ठरेल. पण २०२५ च्या जुलै महिन्यात काय घडले? राष्ट्रीय योजनेसाठी निवडलेल्या १०६ जणांपैकी ४० जणांना तात्पुरती मंजुरीपत्रे दिली गेली आणि उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्र मिळेल असे कळवण्यात आले. गुणवत्ता सिद्ध, प्रवेश निश्चित, सामानाची बांधाबांध झालेली आणि दैव एका फायलीत अडकलेले! २०२२ साली त्याच योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले होते. याचा अर्थ असा की जातीचा अभ्यास परदेशात करायचा असेल तर या पैशावर तो करता येणार नाही. देणाऱ्याच्या हाती विषय ठरवण्याचाही अधिकार असतो. डच विद्यापीठातील पगारी संशोधकाचा विषयही जाहिरातीत ठरलेला असतो, हे मी जाणतो. पण तो ठरवताना दिल्लीतील अवर सचिवाची मर्जी पाहावी लागत नाही.

या ठिकाणी परमपूज्य बाबासाहेबांचे उदाहरण माझ्याविरुद्ध दिले जाते. "बाबासाहेब शिष्यवृत्तीवरच कोलंबियाला गेले ना?" गेले, आणि सयाजीराव महाराजांचे ऋण समाज विसरणार नाही. मात्र ती गोष्ट अर्ध्यावर सोडू नका. १९१३ सालच्या त्या शिष्यवृत्तीला दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार जोडलेला होता. तो पाळण्यासाठी बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला गेले आणि तेथे त्यांना राहायला जागा मिळाली नाही. कचेरीत कागद दुरून टाकले गेले. ज्या नोकरीचे बंधन होते, ती माणसाने करावी अशी राहिलीच नाही. लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून ते परतले होते. ते पूर्ण करण्यासाठी बाबासाहेबांनी काय केले? १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी पत्करली. पगार दरमहा साडेचारशे रुपये. परळच्या चाळीत दोन खोल्यांत संसार ठेवून त्यांनी त्या पगारातून पै-पै मागे टाकली. तिला शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राच्या कर्जाची जोड मिळाली आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. ज्या संशोधनाने त्यांना तेथील डॉक्टरेट मिळाली, त्याच्या पायाशी स्वतःच्या कमाईचा पगार होता. आपण भाषणांतून बडोद्याची शिष्यवृत्ती दहा वेळा सांगतो, सिडनहॅमचा पगार एकदाही सांगत नाही.

पुढे १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते हाती येताच त्यांनी सरकार, मालक आणि कामगार यांना त्रिपक्षीय परिषदेत एकत्र बसवले. १९४३ मध्ये मालकांनी संघटनांना मान्यता देणे सक्तीचे करणारे विधेयक मांडले. डच विद्यापीठांचा सामूहिक करार ज्या तत्त्वावर उभा आहे, ते तत्त्व आपल्याला उपरे नाही. एकटा माणूस मालकासमोर दुबळा असतो, म्हणून करार सर्वांचा मिळून व्हावा, हे आपल्याच घरातले शहाणपण आहे.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे येतो. हा आक्षेप विशेषतः आपल्यातील यशस्वी मंडळींकडून ऐकू येतो आणि त्याने मला खरोखर वेदना होतात. ते म्हणतात, "सर्वांना एकच तक्ता लावला तर गुणवत्तेला वाव कोठे? अमेरिकेत बघा, हुशार माणूस स्वतःची किंमत स्वतः ठरवतो." गुणवत्ता! ज्या शब्दाने आपल्या राखीव जागांवर चाळीस वर्षे चिखलफेक झाली, तो शब्द आता आपल्याच तोंडी इतक्या सहजतेने यावा? बंद दाराआड पगार ठरतो तेव्हा गुणवत्ता मोजली जाते असे ज्यांना वाटते, त्यांनी अशा बैठकीत दाराच्या कोणत्या बाजूला आपण होतो ते आठवावे. तेथे मोजला जातो आत्मविश्वास, उच्चार, ओळखी, आणि 'मागण्याची सवय'. ही सवय पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुस्थितीतून येते. आपल्या मुलाला घरी शिकवलेले असते की मिळाले त्यात समाधान मानावे, साहेबाशी घासाघीस करू नये. तक्ता नसेल तर हा संस्कार त्याला महागात पडतो.

आणि तक्ता असूनही तो महागात पडू शकतो. डच पद्धतीची जी मंडळी डोळे मिटून स्तुती करतात, त्यांच्याशीही माझे भांडण आहे. श्रेणी उघड आहे. पण त्या श्रेणीतील कोणत्या टप्प्यावर तुम्हाला बसवायचे, ते नेमणुकीच्या वेळी ठरते. पूर्वीचा अनुभव किती धरायचा, आधीचा पगार किती होता, उमेदवाराने काय मागितले, यांवर ते अवलंबून राहते. समजा, दोन तरुण एकाच दिवशी सहायक प्राध्यापक म्हणून अकराव्या श्रेणीत रुजू झाले. या श्रेणीत २०२४-२५ च्या करारानुसार वेतन साडेचार हजार युरोच्या आसपास सुरू होऊन सहा हजारांच्या पुढे जाते. एका टप्प्याचे अंतर महिन्याला दीडशे-दोनशे युरो. पहिल्याने भारतातील तीन वर्षांचे अध्यापन धरून घ्या म्हणून आग्रह केला, दुसरा गप्प बसला. दोघांत तीन टप्प्यांचे अंतर पडले. भत्ते धरून वर्षाला सुमारे सात हजार युरो. आणि ते एका वर्षापुरते नाही. दोघेही दरवर्षी एकेक टप्पा चढत राहणार, म्हणून पहिला श्रेणीच्या कमाल टप्प्याला टेकेपर्यंत ते अंतर तसेच पुढे सरकत राहणार. एका दुपारच्या मौनाची किंमत एखाद्या छोट्या घराच्या पहिल्या हप्त्याएवढी होते.

दुसरी खाच श्रेणीचीच. प्रत्येक पदाचे वर्णन आणि त्याची श्रेणी ठरवणारी एक समान पद्धत सर्व विद्यापीठांत आहे, तिला संक्षेपाने 'उफो' म्हणतात. वर्णन वरच्या पदाचे आणि प्रत्यक्ष नेमणूक खालच्या पदावर, असे घडू शकते. प्रयोगशाळा चालवायची, विद्यार्थी सांभाळायचे, अनुदानाचे अर्ज लिहायचे आणि कागदावर मात्र कनिष्ठ संशोधक. या वर्गीकरणाविरुद्ध हरकत घेण्याची रीतसर तरतूद आहे. ती आपल्यापैकी कोणी वापरल्याचे माझ्या कानावर नाही. याशिवाय माणूस मिळवण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी वरून देण्याचे विशेष भत्ते असतात, ते तक्त्यात दिसत नाहीत. त्यांचा लाभ ज्याला वाटाघाट जमते त्यालाच होतो. महिला प्राध्यापकांच्या राष्ट्रीय जाळ्याने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेथील स्त्री-अध्यापकांचे सरासरी वेतन पुरुषांपेक्षा कमी आढळले, याचे मोठे कारण स्त्रिया खालच्या श्रेण्यांत अडकून होत्या. २०२३ मध्येसुद्धा पूर्ण प्राध्यापकांत स्त्रियांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आतच होते. तक्ता समान, शिडीही समान, पण कोण कोणत्या पायरीवर उभा आहे ते बघा. आपल्याला हे चित्र नवे वाटण्याचे कारण नाही.

मग तात्पुरत्या करारांचा प्रश्न. पीएच.डी.नंतर दोन वर्षे येथे, तीन वर्षे तेथे, मध्ये सहा महिने अधांतरी. टप्प्याटप्प्याने वाढणारे वेतन हे सलग नोकरी असणाऱ्याला वाढते. दर दोन वर्षांनी नव्या दाराशी उभे राहणाऱ्याला प्रत्येक वेळी नव्याने टप्पा मागावा लागतो. त्याखेरीज न मोजलेले तास आहेतच. २०२० च्या जानेवारीत सुमारे सातशे विद्यापीठ कर्मचाऱ्यांनी नित्याच्या बिनपगारी जादा कामाबद्दल श्रम निरीक्षकांकडे तक्रार केली. २०२२ च्या करारात कायम स्वरूपाच्या कामाला लवकर कायम नेमणूक देण्याची दिशा घेण्यात आली. परंतु २०२४ मध्ये नव्या सरकारने उच्च शिक्षणावर मोठी कपात जाहीर केली आणि त्या नोव्हेंबरात हजारो अध्यापक-विद्यार्थी हेगच्या मैदानावर निषेधासाठी जमले. तेव्हा तेथे सर्व आबादीआबाद आहे असे मी म्हणत नाही. पण एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. १ जानेवारी २०२० पासून डच कायद्याने बहुसंख्य सरकारी सेवकांचा जुना दर्जा काढून घेतला आणि विद्यापीठांतील माणसे सामान्य कामगार कायद्याखाली आली. दर्जा गेला, तरी वेतनाचा तक्ता टिकला. कारण तो सरकारच्या कृपेवर उभा नव्हता, संघटनांच्या करारावर उभा होता.

प्रशासकीय कर्मचाऱ्यांविषयी चार शब्द लिहिल्यावाचून मला राहवत नाही. डच विद्यापीठात ग्रंथपाल, प्रयोगशाळा साहाय्यक, विभागाचा सचिव, हिशेबनीस, विद्यार्थी सल्लागार आणि प्राध्यापक हे सारे एकाच तक्त्यात बसतात. दहाव्या श्रेणीतील धोरण-अधिकारी आणि दहाव्या श्रेणीतील व्याख्याता यांचे वेतन एकाच ओळीत वाचता येते. सर्वांत खालच्या श्रेणीचा पहिला टप्पा आणि प्राध्यापकाचा सर्वांत वरचा टप्पा यांत अंतर पाचपटीच्या आसपास आहे. सर्वोच्च पदाधिकाऱ्यांच्या पगारालाही २०१३ पासून कायद्याची मर्यादा आहे. २०२५ साठी ती वर्षाला २,४६,००० युरो होती, आणि कोणाला किती दिले ते वार्षिक हिशेबात नावानिशी छापावे लागते. याउलट ब्रिटनमध्ये अध्यापकांपर्यंत सर्वांसाठी एक समान वेतनसोपान आहे, पण पूर्ण प्राध्यापक त्याच्या बाहेर असून त्यांचे वेतन गुपचूप ठरते.

एकाच तक्त्यात बसणे ही आपल्यासाठी केवळ हिशेबाची बाब नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले होते की जातीने कामे वाटली नाहीत, तिने काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडून उतरंडीत रचली. बुद्धीचे काम पवित्र, हाताचे हलके, कारकुनी मधले. आणि आज आपल्यातील पालक मुलीला प्रशासकीय जागा मिळाली की खालच्या आवाजात सांगतात, "तात्पुरते आहे, कारकुनीच म्हणा ना." ती 'कारकुनी' सातव्या-आठव्या श्रेणीत कायम करारावर असते, तर शेजारच्या घरातील 'शास्त्रज्ञ' दहाव्या श्रेणीत दोन वर्षांच्या मुदतीवर असतो. दोघांपैकी कोणाला घरासाठी कर्ज आधी मिळते, ते बँकेत जाऊन विचारा. पण मुद्दा कर्जाचा नाही. कामाला उच्च-नीच ठरवणारी ही जीभ आपण कोणाकडून उसनी घेतली?

त्या तक्त्याच्या बाहेर एक वर्ग उरतो: पहाटे इमारती झाडणारा. अनेक विद्यापीठांत स्वच्छतेचे काम बाहेरच्या कंपन्यांना दिलेले असते, म्हणून ती माणसे विद्यापीठात राबूनही विद्यापीठाच्या करारात मोडत नाहीत. त्यांतील बहुसंख्य स्थलांतरित कुटुंबांतील आहेत. नेदरलँड्समधील सफाई कामगारांनी २०१० आणि २०१२ मध्ये दीर्घ संप केले आणि त्यांत ते वेतनाइतकेच सन्मानासाठी लढले. झाडूची जात पिढीजात ठरलेल्या देशातून आलेल्या माणसांनी या संपांची माहिती आपल्या मुलांना द्यायला हवी होती. आपल्या एकाही स्मरणिकेत ती मला दिसली नाही.

आता व्यवहाराचे बोलतो. परदेशातून नेमल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगाराचा काही हिस्सा करमुक्त ठेवण्याची सवलत डच कायद्यात आहे. तिला 'तीस टक्क्यांची सवलत' म्हणतात. २०२७ पासून ती सत्तावीस टक्के करण्याचे ठरले आहे. इतरांना त्यासाठी किमान पगाराची अट असते, वैज्ञानिक संशोधकांना ती नाही. नोकरी लागल्यापासून चार महिन्यांत अर्ज केला तर लाभ पहिल्या दिवसापासून मिळतो. शिष्यवृत्तीवाल्याला पगारच नसल्यामुळे ही सवलत नाही. आधी स्वखर्चाने तेथे एम.एस्सी. करून मग तेथेच नोकरी शोधणाऱ्याला ती सामान्यतः मिळत नाही, कारण तो परदेशातून नेमलेला ठरत नाही. दोन वर्षांचे शुल्क भरण्यासाठी गावाकडचे शेत विकण्यापूर्वी ही ओळ वाचलेली बरी.

म्हणून माझी मागणी संस्थेच्या कार्यकारिणीकडे आहे आणि पालकांकडेही. नेमणुकीचे पत्र आले की पुढील बाबी तपासल्याशिवाय सही होऊ देऊ नका: कर्मचारी म्हणून घेतले की शिष्यवृत्तीधारक म्हणून, श्रेणी कोणती आणि टप्पा कितवा, मागील अनुभवाची किती वर्षे धरली, करार किती काळाचा व त्याच्या नूतनीकरणाची अट काय, पदाचे वर्णन प्रत्यक्ष कामाशी जुळते की नाही. टप्पा कमी वाटला तर सही करण्याआधीच लेखी विचारा, कारण नंतर ते फार जड जाते. रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात कामगार संघटनेचे सभासद व्हा. "आम्ही परके, आम्हाला कोण विचारतो" असे म्हणू नका. तेथील संघटनांचे काम इंग्रजीतूनही चालते आणि परदेशी संशोधक त्यांत आहेत. युरोपीय संघाने २०२३ मध्ये वेतनाच्या पारदर्शकतेचा निर्देश काढला आहे. सदस्य देशांना जून २०२६ पर्यंतची मुदत देणाऱ्या या निर्देशाप्रमाणे उमेदवाराला त्याचा आधीचा पगार विचारण्याची मालकाला मनाई आहे. पुणे किंवा नांदेडच्या तुटपुंज्या पगारावरून युरोपातील टप्पा ठरू नये, यासाठी या कलमाचा आपल्या मुलांइतका उपयोग क्वचितच कोणाला होईल.

ज्या कुटुंबांत अशी पत्रे या वर्षी येतील, त्यांनी ती सही करण्यापूर्वी निदान आठ दिवस संस्थेच्या शिक्षण समितीकडे पाठवावीत. समितीत नसलो तरी वाचून द्यायला मी तयार आहे. रक्कम सांगायला संकोच वाटत असेल तर तेवढा आकडा झाकून पाठवा, मात्र श्रेणी आणि टप्पा झाकू नका.